ड्रॉइंग शीटवरची खांदेरी : आरमारी खेळात खरेपणा किती, नियम किती?



शेवटच्या बाकावर बसून ग्राफ पेपरवर 'बॅटलशिप' खेळला नाही, असा इंजिनिअर अजून जन्माला यायचा आहे. (सर, हा परिच्छेद आपण वाचला नाही असे समजावे.) दहा बाय दहाचे चौकोन आखायचे, त्यात पाच जहाजे लपवायची. त्यांची लांबी ५, ४, ३, ३ आणि २ घरे, म्हणजे १०० पैकी १७ घरांत जहाज. समोरची 'सी-सात' म्हणते, आपण 'हुकला' किंवा 'लागला' म्हणायचे. नियम दोन मिनिटांत कळतात आणि लेक्चर संपेपर्यंत कोणीतरी बुडालेले असते. (कधी कधी अटेंडन्समध्येसुद्धा.)

पण मला सांगा, या खेळात समुद्र कुठे आहे? जहाज एकदा काढले की ते जागचे हलत नाही. वारा नाही, भरती नाही, शीड नाही, सुकाणू नाही. जहाजांऐवजी शेतात पुरलेले हंडे शोधतोय असे म्हटले, तरी खेळात काडीचाही फरक पडणार नाही.

आता दुसरे टोक पाहा. अमेरिकन नौदलात काम केलेल्या लॅरी बाँड यांनी १९८० साली 'हार्पून' नावाचा टेबलावरचा खेळ काढला. त्यात रडार, सोनार, क्षेपणास्त्रे, पाणबुड्या, सगळ्यांचे तक्ते. एका चकमकीला अख्खी संध्याकाळ पुरत नाही. टॉम क्लॅन्सी या प्रसिद्ध लेखकाने 'रेड स्टॉर्म रायझिंग' ही कादंबरी (१९८६) बाँड यांच्या साथीने लिहिताना त्यातल्या चकमकी याच खेळावर तपासून पाहिल्या होत्या. म्हणजे खेळ खराच म्हणायचा. पण आपल्यापैकी किती जणी तो खेळतील? इथे मेसचा टाइमटेबल कोणी नीट वाचत नाही!

मग खरेपणा हवा असेल तर गुंतागुंत सोसलीच पाहिजे का? मलाही आधी तसेच वाटायचे. गेल्या सत्रात आम्ही हॉस्टेलवर एक आरमारी खेळ बनवायला घेतला, तो सपाटून आपटला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तेच आज सांगायचे आहे.

खरेपणा म्हणजे नक्की काय?

फर्स्ट इयरचे मेकॅनिक्स आठवा. 'हवेचा विरोध नगण्य माना', 'दोरीला वजन नाही असे समजा'. बिनवजनाची दोरी आजवर कोणी बाजारातून आणली आहे का? तरीही उत्तर बरोबर येते, कारण त्या प्रश्नात दोरीच्या वजनाने फरक पडत नसतो. पण विहिरीतून दोनशे फूट दोराने पोहरा ओढायचा असेल, तर दोराचे वजन धरावेच लागते. म्हणजे काय धरायचे आणि काय सोडायचे, हे प्रश्न ठरवतो.

खेळाचेही तसेच आहे. युद्धातली प्रत्येक गोष्ट पटावर आणणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. माझी व्याख्या साधी आहे : खऱ्या तांडेलाला जी अडचण आली, तीच अडचण खेळणाऱ्याला आली आणि त्याच कारणाने आली, तर खेळ खरा. नियमांची पाने किती, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

मोठ्या माणसांचे खेळ

खेळ म्हटले की पोरखेळ वाटतो. पण नौदलांनी हे खेळ फार गंभीरपणे खेळलेले आहेत. त्यातले तीन मला फार आवडले.

पहिला फ्रेड जेन यांचा. जगातल्या युद्धनौकांची माहिती देणारे 'जेन्स' हे वार्षिक ज्यांच्या नावाने चालते, तेच हे गृहस्थ. त्यांनी १८९८ मध्ये आरमारी खेळ प्रसिद्ध केला. त्यात गोळा कुठे लागला हे फाशाने ठरत नसे. जहाजाचे चित्र असलेल्या कार्डावर एका चपट्या दांडीने फटका मारायचा. दांडीला टाचणी बसवलेली, पण बरोबर मध्यावर नाही, जरा बाजूला. त्यामुळे नेम कितीही धरला तरी थोडा चुकायचाच. हलत्या जहाजावरून तोफ डागणाऱ्याचे तरी वेगळे काय होते?

दुसरा अमेरिकेतल्या फ्लेचर प्रॅट यांचा, १९३० नंतरच्या दशकातला. मोठ्या हॉलच्या फरशीवर लाकडी जहाजे मांडून माणसे रांगत रांगत तो खेळत. जहाजाची ताकद काढायचे त्यांचे सूत्र चांगलेच लांबलचक होते : तोफेच्या व्यासाचा वर्ग गुणिले तोफांची संख्या, मग चिलखताची जाडी, मग वेग. पण हे गणित खेळाआधी एकदाच करून ठेवायचे. प्रत्यक्ष खेळताना एकच काम, समोरच्या जहाजाचे अंतर डोळ्यांनी अंदाजून इंचांत लिहायचे. नंतर टेप लावून मोजायचे. अंदाज चुकला की गोळा पाण्यात.

तिसरा लिव्हरपूलचा. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवत होत्या. १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या कॅप्टनने एक छोटे पथक उभे केले. त्यात काम करणाऱ्या बहुतेक मुली होत्या, काही तर आपल्याच वयाच्या. फरशीवर खडूने समुद्र आखलेला. भोवती कापडी पडदे. अधिकाऱ्याने पडद्याच्या फटीतून जेवढे दिसेल तेवढेच पाहायचे आणि दर फेरीला हुकूम द्यायचा. एक फेरी म्हणजे समुद्रावरची दोन मिनिटे. या फरशीवर शोधलेले डावपेच खऱ्या समुद्रात वापरले गेले. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५ हजार अधिकारी तिथे शिकून गेले.

या तिघांत मला एक गोष्ट सारखी दिसली. बाजूला सरकवलेली टाचणी, डोळ्याने अंदाजलेले अंतर, पडद्यातली फट, यातला प्रत्येक नियम एका ओळीचा आहे. पण ती एक ओळ खेळणाऱ्याला थेट कॅप्टनच्या जागी नेऊन उभी करते.

आमचा विषय : खांदेरी, १६७९

आपले घोडेगाव समुद्रापासून एका रात्रीच्या एस.टी. प्रवासाएवढे लांब. इथे पाणी म्हटले की मुळेचे आवर्तन आणि बाजार म्हटला की कांदा. तरीही आम्ही आरमार निवडले, कारण माझी रूम पार्टनर अलिबागकडची आहे आणि लहानपणापासून खांदेरी समोर बघत वाढली आहे.

प्रसंग थोडक्यात असा. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे छोटे बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना दीडशेएक माणसे आणि चार लहान तोफा देऊन तिथे किल्ला बांधायला पाठवले. मुंबईच्या इंग्रजांना आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला ते परवडणारे नव्हते. इंग्रजांनी सप्टेंबरात जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. उतरायचा प्रयत्न करताना त्यांचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. मग १६ तोफांचे 'रिव्हेंज' हे फ्रिगेट आले. आरमाराचा प्रमुख रिचर्ड केग्विन, जहाजावर कॅप्टन विल्यम मिंचिन.

१८ ऑक्टोबरला (इंग्रजांच्या त्या वेळच्या कॅलेंडरने) दौलतखानाचे आरमार चौलच्या उत्तरेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने चाल करून आले. गलबते चाळीस ते साठ. इंग्रजांची लहानमोठी मिळून आठ जहाजे बेटाजवळ नांगरलेली. मराठी गलबते नाळेवरच्या तोफा डागत इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत त्यांच्या 'डव्ह' नावाच्या गुराबेने निशाण उतरवले. बाकीची लहान जहाजे लांब राहिली. 'रिव्हेंज' एकटी उरली. पण ती लढली आणि चांगली लढली. इंग्रजी कागदांप्रमाणे तिने पाच गलबते बुडवली आणि मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीकडे मागे वळले.

मग जिंकले कोण? थांबा, त्याकडे शेवटी येते.

पहिला प्रयत्न, म्हणजे फजिती

आम्ही चौघींनी उत्साहाने नियम लिहिले. प्रत्येक गलबतावरची वल्ही, माणसे, दारूगोळा, शिडांची फाटतूट, सुकाण्याची मोडतोड, एवढेच काय, पिण्याच्या पाण्याची पिंपेसुद्धा. बेचाळीस पाने झाली! रविवारी सकाळी नाश्ता करून बसलो. जेवणाची घंटा झाली तेव्हा पहिलीच फेरी चालू होती आणि दोघी झोपल्या होत्या.

मग हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. साठ गलबते अधिक आठ जहाजे, एकूण ६८. प्रत्येकाची दर फेरीला पाच कामे : वारा पाहा, हलवा, नेम धरा, फासे टाका, नुकसान लिहा. एका कामाला २० सेकंद.

६८ × ५ × २० = ६८०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ११३ मिनिटे. ही एका फेरीची किंमत! अशा पंधरा फेऱ्या खेळायच्या तर २८ तासांच्या वर. खरी लढाई अर्ध्या तासात पालटली होती आणि आम्ही तीच खेळायला सव्वा दिवस लावणार होतो.

त्यात एक मोठा तोटा लपलेला होता. पिंपातले पाणी मोजता मोजता 'आता वारा कुठून आहे?' हा साधा प्रश्न कोणी विचारतच नव्हते. दौलतखानाच्या डोक्यात त्या पहाटे पिंपे असतील की वारा? म्हणजे आमचा खेळ किचकट होता आणि वर खोटाही होता. प्रत्येक नियमाची किंमत मोजावी लागते, आणि ती खेळणाऱ्याच्या लक्षातून वजा होते.

दुसरा प्रयत्न : काय ठेवले, काय टाकले

आम्ही पाने बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न घेतला. त्या दिवशी कोणत्या गोष्टींमुळे गोष्टी तशा घडल्या?

(१) माप. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या गलबतांचे वर्णन केले आहे : चाळीस-पन्नास वल्ही आणि वेग तासाला चार मैल. चार मैल म्हणजे सुमारे ६.४ किलोमीटर, म्हणजे दोन मिनिटांत साधारण २१३ मीटर. म्हणून एक घर १०० मीटरचे, एक फेरी दोन मिनिटांची, आणि गलबताची चाल फेरीला दोन घरे. अर्धा तास म्हणजे १५ फेऱ्या. ए-वन ड्रॉइंग शीटवर २ सेंटिमीटरची घरे आखली की ४२ बाय २९ घरे बसतात. समुद्र तयार.

(२) गट. साठ गलबतांचे बारा गट, प्रत्येकी पाच. बारा चिंचोके. इंग्रजांची सात लहान जहाजे म्हणजे शर्टाची बटणे, आणि 'रिव्हेंज' म्हणजे माझा खोडरबर.

(३) वारा. इथे माझी रूम पार्टनर कामाला आली. लँड ब्रीझ आणि सी ब्रीझ मला कॉन्व्हेंटच्या भूगोलातून ठाऊक होते. ती म्हणाली, "आमच्याकडे पहाटे मतलई सुटते, दुपारनंतर खारा वारा येतो. कोळ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही." त्यावर आमच्यातली नेवाशाकडची शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, "खळ्यावर उफणायला उभं राहणाऱ्यालाही वारा विचारावा लागत नाही." मग नियम झाला एका ओळीचा : आठ दिशांपैकी वाऱ्याच्या तोंडची दिशा आणि तिच्या शेजारच्या दोन, अशा तीन दिशा शिडाच्या जहाजाला बंद. वल्ह्यांना सगळ्या दिशा खुल्या, पण सलग सहा फेऱ्या वल्हवले की हात भरून येतात आणि चाल एका घरावर येते. वारा पडला तर शिडाचे जहाज जागेवर. ऑर्मने लिहिलेली आणखी एक गंमत आम्ही ठेवली : वारा नसताना गलबते मोठ्या गुराबांना दोर बांधून ओढून नेत.

(४) तोफांची दिशा. फ्रिगेटच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींवर, गलबतांच्या समोर, नाळेवर. म्हणून फ्रिगेटने बाजूच्या घरांवर डागायचे, गलबतांनी समोरच्या. एवढ्यानेच खेळ बदलला. आपल्या कांदा मार्केटच्या गेटवर भरलेली ट्रॉली वळवताना पाहिली आहे ना? आणि तिच्या मागून पुढून सुटणाऱ्या मोटरसायकली? 'रिव्हेंज' ही ती ट्रॉली. तिच्या कुशीसमोर सापडलात तर मेलात, पण नाळेकडून किंवा पिछाडीकडून आलात तर तिला वळेपर्यंत वेळ लागतो.

(५) फासे. एकच फासा टाकला तर १ पासून ६ पर्यंत सगळ्यांची शक्यता सारखी. दोन फाशांची बेरीज घेतली की मधले आकडे जास्त येतात : ७ येण्याची शक्यता ३६ पैकी ६, तर १२ ची ३६ पैकी फक्त १. आम्ही दोन फासे ठेवले. लांबून ९ किंवा जास्त हवेत (३६ पैकी १०), जवळून ७ किंवा जास्त (३६ पैकी २१). जवळ जाण्याची किंमत आणि फायदा या दोन आकड्यांतच आला. तोफेचा व्यास, दारूची प्रत, गोळ्याचे वजन, सगळे त्यात विरघळले.

(६) नांगर आणि धीर. सुरुवातीला इंग्रज नांगरलेले. नांगर उचलायला एक फासा, पडेल तेवढ्या फेऱ्या थांबा. आणि शत्रू शेजारच्या घरात आला की इंग्रजांच्या प्रत्येक लहान जहाजाने फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर ते पळते किंवा निशाण उतरवते. 'डव्ह' बुडाली नव्हती, तिने हार मानली होती. लढाईत जहाजापेक्षा धीर आधी फुटतो, हे दाखवायला एक फासा पुरला.

आता हिशेब पाहा. २० सोंगट्या, तीन कामे, सरावाने पाच सेकंद. २० × ३ × ५ = ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांची फेरी. पंधरा फेऱ्यांना ७५ मिनिटे. रात्रीच्या जेवणानंतर बसून अकराला झोपता येते. नियम बेचाळीस पानांवरून दीड पानावर आले.

'शौर्याचे अधिक दोन'

इथे एक कबुली द्यायची आहे. पहिल्या सराव डावात मराठी गलबते धडाधड बुडाली. मला फार वाईट वाटले. मी हळूच नियम लिहिला : 'मावळ्यांचे शौर्य, प्रत्येक फाशाला अधिक दोन.' तेव्हा आम्ही एकाच फाशावर खेळत होतो आणि ५ किंवा ६ पडले की गोळा लागत असे, म्हणजे शक्यता एक तृतीयांश. अधिक दोन केल्यावर ३ पासून पुढे सगळे चालते, म्हणजे शक्यता दोन तृतीयांश. एका ओळीत मी आमची मारकता दुप्पट केली!

वाटले, सगळ्या टाळ्या वाजवतील. पण जिच्या गावासमोर खांदेरी आहे तीच म्हणाली, "हे खोड. शौर्य दोन्हीकडे होतं. आमच्याकडे वल्ही होती."

मला रागच आला. महाराजांच्या आरमाराला दोन गुण द्यायला हिचे काय जाते? दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. मग मिडवेची गोष्ट वाचनात आली.

मे १९४२. जपानी नौदल मिडवे बेटावरच्या हल्ल्याची रंगीत तालीम पटावर करत होते. मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया या जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहून ठेवले आहे की, फासे टाकल्यावर जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बाँब लागले. तालमीचे प्रमुख मातोमे उगाकी यांनी ते परस्पर तीनवर आणले. 'अकागी' बचावले, 'कागा' बुडाले असे ठरले. आणि तालमीच्या पुढच्या भागात बुडालेले 'कागा' पुन्हा पटावर हजर! पुढच्याच महिन्यात खऱ्या लढाईत 'अकागी', 'कागा', 'सोर्यू' आणि 'हिर्यू' अशी चारही जहाजे गेली. तिथे आकडे बदलायला कोणी नव्हते.

याच्या उलट अमेरिकेच्या न्यूपोर्ट इथल्या नेव्हल वॉर कॉलेजात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानशी युद्धाचे खेळ सतत खेळले गेले, आणि त्यात अमेरिका हरली तर ती हरूही दिली. युद्धानंतर ॲडमिरल निमिट्झ यांनी सांगितले की, शेवटच्या काळातले कामिकाझे हल्ले सोडले तर घडलेले बहुतेक सगळे त्या खोल्यांत आधीच खेळून झाले होते.

उगाकींच्या जागी मी स्वतःला पाहिले आणि मुकाट्याने ती ओळ खोडली. नंतर आणखी एक गोष्ट लक्षात आली. 'अधिक दोन' देऊन मी मराठी आरमाराचा मान वाढवत नव्हते. उथळ पाण्यात चालणारे तळ, वाऱ्याविरुद्ध जाणारी वल्ही, पहाटेची वेळ, किनाऱ्यालगतची वाट, ही सगळी अक्कलहुशारी मी एका आकड्याखाली झाकत होते. त्यांनी जे विचाराने केले, ते मी नशिबाच्या फाशाला चिकटवत होते. इंजिनिअर म्हणवणाऱ्या मुलीने तरी असे करू नये.

जिंकले कोण?

आता राहिलेला प्रश्न. शौर्याचे गुण खोडल्यावर आमच्या डावांत 'रिव्हेंज' बहुतेक वेळा सरस ठरू लागली. खऱ्या लढाईतही तसेच झाले होते. मग मराठे हरले का?

१८ ऑक्टोबरनंतर नाकेबंदी चालूच राहिली. पण खांदेरीवर रसद पोचत राहिली. हलक्या होड्या अंधारात, वाऱ्याविरुद्ध वल्हवत, मोठ्या जहाजांच्या मधून निसटत. मोठ्या शिडाच्या जहाजाला त्यांना अडवणे जमेना. मायनाक भंडारी यांच्या माणसांनी मारा सोसत तट उभा केला. पुढे सिद्दीने येऊन शेजारच्या उंदेरीवर बस्तान बसवले. आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी महाराजांशी समझोता करून जहाजे मागे घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

बुडालेली जहाजे मोजली तर इंग्रज जिंकले. बेट कोणाकडे राहिले हे पाहिले तर मराठे जिंकले. आमच्या खेळातली सर्वांत मोठी चूक इथे होती. आम्ही वल्ही, वारा, तोफा सगळे बरोबर केले आणि शेवटी बुडालेल्या सोंगट्या मोजत बसलो! म्हणून शेवटचा नियम आला. लढाईनंतर दहा रात्री खेळायच्या. मराठ्यांनी दर रात्री बेटाकडच्या चार वाटांपैकी एक चिठ्ठीवर गुपचूप लिहायची. इंग्रजांनी कोणत्याही दोन वाटांवर पहारा ठेवायचा. वाट चुकवली तर एक खेप पोचली. दहा रात्रींत चार खेपा पोचल्या तर खांदेरी टिकली. 'रिव्हेंज' दिवसा बुडाली किंवा लंगडी झाली, तर इंग्रजांना एकाच वाटेवर पहारा ठेवता येतो.

एवढे केल्यावर मराठ्यांकडून खेळणारी मुलगी आपोआप वेगळा विचार करू लागली. ती 'रिव्हेंज'ला बुडवायच्या नादी लागेना. बटणे घाबरवून पळवायची, आपले चिंचोके वाचवायचे, खाडीत शिरायचे आणि रात्रीची वाट पाहायची. हे तिला कोणी शिकवले नव्हते. कशासाठी लढायचे हे खेळाने बरोबर सांगितले, तेव्हा कसे लढायचे ते तिचे तिलाच सुचले.

मर्यादा

हेच नियम दुसऱ्या युद्धाला चालणार नाहीत. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, तिथे वाऱ्याच्या नियमाचा काय उपयोग? तिथे प्रश्न 'आधी कोणाला कोण दिसले' हा. आणि पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, 'खुकरी' ही आपली नौका पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. असा खेळ बनवायचा तर पडद्यातली फट हवी, वल्ही नकोत. आणि पटावरून सोंगटी उचलताना तिच्यावर माणसे होती, एवढे मनात ठेवावे. हा नियम कुठल्याच खेळात लिहिलेला नसतो.

थोडक्यात सांगायचे तर कोणताही खेळ, आणि मला वाटते कोणतेही मॉडेल, बनवताना तीन प्रश्न विचारा. हा नियम काढला तर कोणाचा निर्णय बदलेल का? बदलत नसेल तर काढून टाका. हा आकडा मी मोजून घातला की मला आवडतो म्हणून घातला? आणि शेवटी मोजतोय ते बरोबर मोजतोय का? आमच्या मिनी प्रोजेक्टच्या वेळी हे तीन प्रश्न विचारले असते, तर व्हायव्हात एवढी धांदल झाली नसती!

खांदेरीचे नाव आज आपल्या नौदलाच्या पाणबुडीला आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. माझी रूम पार्टनर म्हणते, सुट्टीत चल, थळहून बेट समोर दिसतं. मी जाणार आहे. वारा कुठून येतो ते आधी पाहीन, मग बेट.

तोवर आमची ड्रॉइंग शीट मुलींच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये कपाटावर गुंडाळून ठेवली आहे. फासे आणि चिंचोके डब्यात आहेत. 'रिव्हेंज' मात्र आपापली आणावी, कारण खोडरबर मला ग्राफिक्सच्या सबमिशनला लागतो.